सगळंच आवडतं, मग पुढे काय?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका २२ वर्षांची आहे. भांडुपला आईबाबा आणि बारावीतल्या भावासोबत राहते. बी.कॉम.ला ५८ टक्के मिळाले. वर्षभरापासून मुलुंडमध्ये एका सीएंच्या ऑफिसात बिलांच्या एंट्र्या आणि जीएसटीची कामं करते, हातात १४ हजार येतात. वडील खासगी कारखान्यात आहेत, तीन वर्षांनी, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त होतील. तिला नाद पुष्कळ : ओहोटीला खडकांवर जाऊन समुद्री जीव बघणं, कॉलेजच्या एकांकिकांची प्रकाशयोजना, शिवाय हौसेने सुरू करून मध्येच सोडलेली कोरियन भाषा. आई म्हणते, हे उद्योग पुरे, बँकेच्या परीक्षा दे आणि पर्मनंट हो. मैत्रिणी म्हणतात, समुद्राचं इन्स्टा पेज काढ, त्यातच करिअर कर. ऑफिसात चर्चा अशी की एआयमुळे एंट्रीची कामं राहणारच नाहीत. ती विचारते, ‘मला सगळंच आवडतं, म्हणजे खरं तर काहीच आवडत नाही का? एक काहीतरी धरून त्यामागे लागू, की सगळं सोडून परीक्षेला बसू? रात्री दीड-दोनपर्यंत झोप लागत नाही. आणि सरांकडे शनिवारचा हाफ-डे मागू का?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात बँकेच्या परीक्षेबद्दल चार ओळी आहेत आणि कार्टर रोडच्या खडकांबद्दल जवळजवळ दोन पानं. वहीतली एक नोंदही तू उतरवून पाठवलीस : ‘कृष्ण प्रतिपदा. स. ६.५०. कार्टर रोड. शंखातले खेकडे पुष्कळ. झोअँथिड्सचा हिरवा पट्टा मागच्या वेळेपेक्षा डावीकडे जास्त (की मीच वेगळ्या जागी उभी?). समुद्री गोगलगाय एक, काळपट, कडेला पिवळी रेघ. नाव शोधायचं. ८.१० ला निघाले.’ (झोअँथिड्स म्हणजे खडकांना चिकटून राहणारे, पोवळ्यांच्या जवळचे जीव.) पहाटेची गाडी धरायची, दादरला बदलायची, वांद्र्याला उतरून खडक गाठायचे आणि उलटा प्रवास करून दहाला मुलुंडच्या ऑफिसात हजर व्हायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हे तुझं गेलं वर्षभर चालू आहे. भरतीची वेळ काढायला तू मोबाइलसुद्धा बघत नाहीस. बाजारातल्या कोळीण मावशींनी शिकवल्याप्रमाणे तिथीची पाऊणपट करतेस. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. इतकं सगळं करणारी मुलगी पत्राच्या शेवटी स्वतःला ‘धरसोड’ म्हणते, ते मला अजिबात पटलेलं नाही.

कंसातली ती शंका पुन्हा वाच : ‘की मीच वेगळ्या जागी उभी?’ निष्कर्ष काढण्याआधी आपल्याच जागेबद्दल शंका घेणं पुष्कळांना पदवी मिळाल्यावरही जमत नाही. आता तुझ्या पत्रातली दुसरी जागा बघू. ऑफिसच्या कामाबद्दल तू सगळीकडे कंटाळा लिहिलास, फक्त एका ठिकाणी तुझं अक्षर भराभर पळतंय. एका व्यापाऱ्याची खरेदीची बिलं आणि जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणारं पत्रक, जुळत नव्हतं. तू दोन दिवस त्यात खपलीस, आणि शेवटी सापडलं की पुरवठादाराने तुमच्या व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर न टाकता तो व्यवहार किरकोळ विक्रीत दाखवला होता. एकांकिकेतही स्टेजवर यायची तुला हौस नाही. कुठल्या वाक्याला कुठला लाइट पडतो याचं क्यू-शीट लिहिण्यात तू रमतेस.

मला या तिन्ही गोष्टींत एकच मुलगी दिसते. तिला बारकाईने बघायला आवडतं, टिपून ठेवायला आवडतं, आणि जे जुळत नाही ते का जुळत नाही हे शोधल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तू विचारतेस, यातली माझी खरी आवड कुठली. या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे : प्रत्येकाच्या पोटात एकच आवड दडलेली असते, ती शोधून काढायची आणि तिच्यावर पोट भरायचं. तुझ्या वयाच्या मुलामुलींची अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात, आणि या एका समजुतीने किती जण स्वतःला दोष देत बसलेत हे बघून वाईट वाटतं. आधीच्या पिढीला आवड कुणी विचारलीच नाही. तुम्हाला ती इतकी विचारली जाते की तिचंच दडपण आलंय. तुझ्या आवडींमधून ‘काय व्हायचं’ याचं उत्तर मिळेलच असं नाही. पण ‘मी कशा प्रकारचं काम नीट करते’ याचं उत्तर त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि नोकरी निवडताना ते जास्त उपयोगी पडतं. कारण कुठल्याही कामात रटाळ भाग असतोच. आपल्याला कुठला रटाळपणा सोसतो हे बघायचं. नोंदी ठेवण्याचा रटाळपणा तुला सोसतो. फोनवर लोकांना काहीतरी विकण्याचा सोसणार नाही, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

तुझी मैत्रीण सलीम अलींचं उदाहरण देते : आवडीमागे गेले म्हणून एवढे मोठे पक्षितज्ज्ञ झाले. ती गोष्ट पूर्ण सांगते, कारण ती तुझ्या जवळची आहे. त्यांचा जन्म मुंबईतला, १८९६ चा. तरुणपणी ते घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, १९१७ मध्ये परतले आणि मुंबईत डावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकू लागले. हो, तुझाच विषय. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखला. मग सकाळी डावर्सचे वर्ग आणि त्यानंतर झेवियर्सला प्राणिशास्त्राचे, असं त्यांनी केलं. पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेत जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड-लेक्चरर म्हणून नोकरी लागली. रजा काढून जर्मनीत शिकून आले, तर १९३० मध्ये परतल्यावर कळलं की पैशांअभावी ती जागाच रद्द झाली आहे. तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. मग पत्नी तहमिना यांच्यासोबत अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, तिथे सुगरण पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

यातून मी दोन गोष्टी घेते. हिशेबाच्या वर्गात बसल्यामुळे त्यांचे पक्षी कुठे पळून गेले नाहीत. आणि नोकरी नसलेल्या काळात त्यांना साथ देणारी पत्नी आणि सावरून धरणारं घर होतं. तुझ्या घरी तीन वर्षांनी तुझ्याच पगाराकडे डोळे लागणार आहेत. म्हणून ‘नोकरी सोड आणि समुद्रामागे जा’ असं मी तुला आज सांगणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचे दिवस तुझ्या घरात सध्या नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

इन्स्टा पेजचं मात्र सावकाश घे. आजकाल कुणाला काही आवडलं की आठवड्याभरात त्याचं पेज निघतं आणि महिन्याभरात किती जणांनी बघितलं याची मोजदाद सुरू होते. तू खडकावर वाकून गोगलगाय बघत असतेस तेव्हा तुला कुणाला काही दाखवायचं नसतं, म्हणून तर ती पिवळी रेघ तुला दिसते. त्या दोन तासांवर कमाईचं ओझं इतक्यात टाकू नकोस. नोंदी वहीत पडून राहू नयेत असं वाटत असेल तर फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाक. तिथे जाणकार नाव शोधायला मदत करतात आणि तुझी नोंद अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. ‘मरिन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर हेच काम करतोय, त्यांच्याबरोबर एकदा जाऊन ये. १८८३ पासून चालू असलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी नोकरदारांना जमतील असे अभ्यासक्रम घेते, तिथेही चौकशी कर. आणि एक सांगते, ते ऐकच : खडकांवर एकटी जाऊ नकोस, पाणी वळायच्या आत माघारी फिर, पावसाळ्यात तर नकोच.

आता आई. तुझ्या पत्रात तिच्यावर राग आहे, पण तू स्वतःच एक ओळ लिहून पुढे निघून गेलीस : ‘आजोबा गिरणीत होते, संपानंतर आजीने खानावळ चालवली.’ मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. १८ जानेवारी १९८२ ला तो संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि गिरणगावातल्या हजारो घरांत ती नोकरी पुन्हा आलीच नाही. तुझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. लालबागच्या त्या खोलीत भल्या पहाटेपासून डबे भरले जाताना तिने बघितलेत. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुझ्या आजीने आवड म्हणून डबे केले नाहीत, घर चालावं म्हणून केले. त्या घरातून आलेली बाई मुलीला ‘पर्मनंट हो’ म्हणते तेव्हा ती तुझ्या समुद्राला विरोध करत नसते. ती घाबरलेली असते. तिच्याशी ‘माझी आवड’ या विषयावर वाद घालू नकोस, त्यातून भांडणच होईल. तिला तारखा आणि आकडे दे, त्याने तिला धीर येईल. आजीच्या खानावळीबद्दलही एकदा सविस्तर विचार. परीक्षेचा विषय न काढता.

आकड्यांची सुरुवात बाबांपासून कर. ‘बाबा रिटायर झाल्यावर कसं होईल’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलंय, पण एकदाही रुपयांत आलेलं नाही. तू दिवसभर लोकांच्या दुकानांचे हिशेब जुळवतेस, एका रविवारी घराचा जुळव. बाबांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, घेऊन पीएफचं पासबुक उघड आणि शिल्लक बघ. ईपीएस या पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतली नोकरी किती वर्षांची लागली आहे ते बघ. दहा वर्षं पूर्ण असतील तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन सुरू होतं. मध्ये कंपनी बदलली असेल तर जुनी वर्षं जोडली गेली आहेत का हे आत्ताच तपास. त्या दुरुस्त्यांना वेळ लागतो आणि निवृत्तीच्या तोंडावर त्यांचा फार मनस्ताप होतो. पेन्शनकडून मोठी आशा ठेवू नकोस. हिशेबाला धरायच्या पगारावर २०१४ पासून १५,००० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या बहुतेकांचंही पेन्शन चार आकडीच असतं. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने मिळते. मग घरखर्च, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं आणि भावाची फी एका कागदावर मांड. खाली जी तूट येईल ती तुझी खरी काळजी. ती कदाचित दहा हजार असेल, कदाचित चार. आज ती तुला डोंगराएवढी वाटते, कारण कुणी मोजलेलीच नाही.

एआयबद्दल तुला खोटा धीर देणार नाही. बिलं बघून सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरण्याचं काम कमी होत जाईल, आत्ताच व्हायला लागलंय. त्या खुर्चीत पाच वर्षं बसून राहण्याचा विचार करू नकोस. पण पुरवठादाराने व्यवहार भलत्या रकान्यात का टाकला हे हुडकणं, त्याला फोन करून न दुखावता दुरुस्त करून घेणं, खात्याची नोटीस आली की काय उत्तर द्यायचं ते ठरवणं, याला अजून तरी जबाबदारी घेणारं माणूस लागतं. सरांना सांग की एंट्रीबरोबर ताळमेळाचं आणि नोटिसांच्या उत्तरांचं कामही शिकायचं आहे. वर्षभरात टीडीएस आणि ताळेबंदापर्यंत पोच. सीएचा रस्ताही तुला बंद नाही. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं, आणि तुला ५८ आहेत. अडचण आर्टिकलशिपची, म्हणजे सीएंच्या हाताखाली करायच्या सक्तीच्या उमेदवारीची. नव्या पद्धतीत ती दोन वर्षांची आहे आणि त्या काळातला स्टायपेंड तुझ्या आजच्या पगाराहून बराच कमी असू शकतो. घरचा कागद मांडून झाल्यावरच याचा निर्णय घे. आणखी एक शक्यता तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. जंगल, किनारे, पक्षी यांवर काम करणाऱ्या संस्थांनाही देणग्यांचा आणि अनुदानांचा हिशेब चोख ठेवणारं माणूस लागतं. अशा जागा थोड्या असतात, पगार बेताचे असतात, पण नजर ठेवायला काय हरकत आहे?

परीक्षेचं माझं मत स्पष्ट आहे : बस, पण मर्यादा ठरवून बस. सरकारी बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला वयाची अट २० ते २८, पीओला (अधिकारी पदाला) २० ते ३०, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत. क्लार्कला मुलाखत नसते आणि राज्याची भाषा यावी लागते, म्हणजे तिथे तुझं मराठी कामाला येईल. आकडेमोडीची तुला भीती नाही. तेव्हा या वर्षी एकदा मनापासून दे, नोकरी न सोडता. गुण कटऑफच्या जवळ आले तर पुढच्या वर्षी आणखी एकदा. लांब राहिले तर तिथेच थांब. आईला हे आत्ताच सांगून ठेव, म्हणजे नंतर ‘अजून एक वर्ष’ असं म्हणणं सुरू होणार नाही. एमपीएससीला खुल्या प्रवर्गात ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, आणि त्यामुळेच थांबायचं कधी हे मुलांना ठरवता येत नाही. वरळीच्या अभ्यास गल्लीत रात्री उशिरापर्यंत रस्त्यावरच्या दिव्यांखाली वाचत बसलेली मुलं तू बघितली असशील. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. म्हणूनच वाटतं की प्रत्येकाने सुरुवात करतानाच थांबायचं वर्ष लिहून ठेवावं, आणि ते घरच्यांनाही ठाऊक असावं.

एकांकिकांचा हंगाम आणि बँकांच्या पूर्वपरीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. म्हणून या वर्षी लाइट्स नको म्हण. ग्रुपला आधीच सांग, ऐन वेळी नको. समुद्र ठेव, कारण तो महिन्यातून दोनदाच तुला बोलावतो आणि ऑफिसच्या वेळेआत परत पाठवतो. कोरियन तू चार महिन्यांत सोडलंस, त्याचा एवढा अपराध का वाटावा? एखादी गोष्ट चाखून बघितली आणि ठेवून दिली. पुन्हा मन झालं तर पुन्हा उघड.

रात्रीचं जागरण हलक्यात घेऊ नकोस. त्या वेळी तू फोनवर जर्मनीला गेलेल्या मैत्रिणीचे फोटो बघतेस, असं तूच लिहिलंयस. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून आठवडाभर बघ. काळजी आलीच तर वहीच्या मागच्या पानावर लिही, आणि सकाळी वाचून तिच्यापुढे रक्कम किंवा तारीख घालता येते का ते बघ. एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप आली नाही, छातीत धडधडलं, जेवण तुटलं, खडकांवर जावंसंही वाटेना, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरी सांगायचा संकोच वाटत असेल तरी तिथे सांग.

राहिला शनिवारचा हाफ-डे. जरूर माग. पण ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी या विवरणपत्रांच्या गडबडीत हा विषय काढू नकोस. २१-२२ ला, सर जरा मोकळे असताना विचार, आणि नुसती सुट्टी मागण्याऐवजी महिन्यातले कुठले दोन शनिवार हवेत आणि त्या दिवसांचं काम कधी भरून काढशील ते लिहून ने. त्या दोनपैकी एक परीक्षेच्या अभ्यासाला आणि एक स्वतःसाठी, असं मी म्हणेन. सर नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात ताळमेळाचं काम हातात घे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचार. तोवर ओहोटी सकाळची आहेच.

तुझी ताई